बाबा कानाच्या परीक्षेत पास झाले

ज्या माणसाला ऐकू येत नाही, त्याने कानांच्या तपासणीसाठी पुकारलेलं आपलं नाव कसं ऐकायचं, हे मला कोणी सांगेल का?

मी गमतीने विचारत नाही. माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेचा एक दवाखाना नागपुरात आहे. कानाचा डॉक्टर तिथे फक्त बुधवारी येतो. माझे बाबा लागोपाठ दोन बुधवार कोराडीहून बसने गेले, सकाळी आठला खिडकीवर कार्ड दिलं आणि बाकावर बसून राहिले. खिडकीमागचा माणूस कार्डावरचं नाव वाचून हाक मारतो. एकदा, फार तर दोनदा. कोणी उठलं नाही तर ते कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी जातं. बाबा पहिल्याच बाकावर होते. समोर माणूस दिसला असता तर त्याचे ओठ पाहून त्यांना कळलं असतं, पण खिडकीच्या काचेवर जुन्या सूचनांचे कागद चिकटवलेले होते आणि आवाज खालच्या फटीतून येत होता. दोन्ही वेळा दुपारी घरी येऊन त्यांनी आईला तेच सांगितलं, "नंबर नाही लागला. गर्दी होती बम."

तिसऱ्या बुधवारी मी सोबत गेले. त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मी त्यांना कोपराने ढोसलं आणि खिडकीशी जाऊन विचारलं, "कानाच्या पेशंटला तुम्ही तोंडी हाक मारता?"

आतला माणूस म्हणाला, "मग काय घरी चिठ्ठी पाठवू?"

मागचे दोघेतिघे हसले. बाबाही हसले. काय बोलणं झालं ते त्यांना कळलं नव्हतं, पण सगळे हसत होते म्हणून.

आधी बाबांबद्दल सांगते. आमचं घर मूळचं उमरेडचं, विणकरांचं. आजोबांच्या हयातीतच हातमाग बंद पडला आणि बाबा फौजेत भरती झाले. तोपखान्यात सतरा वर्षं. तिथून सुटल्यावर कोराडीच्या वीज केंद्रावर सुरक्षारक्षक म्हणून लागले, तिथूनही निवृत्त झाले. आता त्यांनी साठी ओलांडली आहे. नजर अशी की आईच्या सुईत दोरा अजून तेच ओवतात. कानांबद्दल घरात कधी कोणी काही बोललं नव्हतं. बाबा कमी बोलतात, मानी आहेत, स्वतःच्या तंद्रीत असतात, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

आई अंगणवाडी सेविका. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. सेविकांच्या मोर्चाची पत्रकं, धरण्याची, मागण्यांची, पातळ गुलाबी कागदावर छापलेली. हाताला शाई लागायची. मी वाचायला त्यांच्यावर शिकले. कोणाची मदत न घेता वाचलेला माझा पहिला जोडाक्षरी शब्द 'मागण्या' हा होता. संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले की खाटेवर बसायचे आणि म्हणायचे, "वाच वं. मोठ्यानं वाच. शेवटच्या माणसाले ऐकू गेलं पाहिजे." खोलीत शेवटचा माणूस म्हणजे तेच, चार फुटांवर. मला वाटायचं, बाबा मला सभेत बोलायला शिकवत आहेत. मी छाती भरून वाचायची, माझ्या तोंडाकडे बघत ते माना डोलवायचे आणि मला अभिमान वाटायचा.

त्या वाचनाचा खरा अर्थ मला गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी कळला. तोही आमच्या नाक्यावरच्या चहावाल्याने सांगितला म्हणून.

बाबा रोज सकाळी सायकलने नाक्यावर जात. तिथे त्यांचे चार जुने सोबती बसतात. दूध घ्यायचं, चहा घ्यायचा, तासाभराने परत. रस्ता कोळशाच्या ट्रकांचा. त्या दिवशी मागून एक ट्रक हॉर्न वाजवत आला. बाबा रस्त्याच्या मधोमध चालले होते. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला नाही आणि बाबांनी सायकल बाजूला घेतली नाही. शेवटी त्याने करकचून ब्रेक मारला आणि ट्रक कडेला घातला. बाबांच्या सायकलचं मागचं मडगार्ड वाकलं. ड्रायव्हर खाली उतरला आणि आई-बहिणीवरून शिव्या घालू लागला. बाबांनी त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं, आणि हात लांब करून सांगितलं, "सीधे जाओ, फिर बाएँ. काँटा उधरही है."

त्यांना वाटलं, तो वजनकाट्याचा रस्ता विचारतो आहे.

चहावाल्याने हा किस्सा आईला हसत हसत सांगितला. आई हसली नाही. घरी आली, सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या अंगणवाडीच्या पिशवीत टाकली.

"अवो, कानाची मशीन लागल्याशिवाय सायकल नाही," ती बाबांच्या समोर उभी राहून, तोंड मोठं करून म्हणाली.

"मले काय झालं कानाले?"

"तेच तर. तुमाले काही झालं नाही. त्या ट्रकवाल्यालेच झालं असंन."

त्या दिवसापासून बाबा दारातल्या खुर्चीवर बसू लागले. नाक्यापर्यंत पायी जाणं त्यांच्या गुडघ्यांना जमत नाही. सोबती कधीमधी घरी येत, मग येईनासे झाले. एका माणसाचं जग दोन मैलांवरून आठ फुटांवर आलं. आमच्या घरात फक्त एवढंच पणाला लागलं होतं. मशीन मिळालं तर किल्ली मिळणार होती. ही काही मोठी राष्ट्रीय समस्या नाही, हे मला माहीत आहे. पण ज्याने सतरा वर्षं सांगितलं तिथे जाऊन उभं राहण्यात घालवली, त्याला साठीनंतर स्वतःच्या मर्जीने चहाला जाता येऊ नये, याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

मशीन मिळायला अडचण नसावी, असं मी धरून चालले होते. बाबांकडे योजनेचं कार्ड आहे. त्याच कार्डावर दोन वर्षांपूर्वी आईचा चष्मा झाला होता. दोन खेपांत. आईने तक्त्यावरची अक्षरं चुकीची वाचली, डॉक्टरने भिंगं बदलली, कागद लिहिला, चष्मा आला. अक्षर चुकलं म्हणून कोणी आईला नापास केलं नाही. चुकलं म्हणूनच चष्मा मिळाला. कानांचंही तसंच असणार, असं मला वाटलं.

त्या तिसऱ्या बुधवारी डॉक्टरसमोर गेल्यावर पहिला धडा मिळाला. डॉक्टर वयस्क होते, दमलेले, वागायला वाईट नव्हते. मान खाली घालून त्यांनी विचारलं, "बोलिए, क्या तकलीफ है?"

बाबांना शब्द ऐकू आले नसतील, पण प्रश्न ओळखीचा होता. ते खुर्चीवरून उठले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "कोई तकलीफ नहीं, साब."

डॉक्टरांनी तेच लिहिलं. मला वरूनही वाचता आलं. तक्रार नाही.

मी म्हणाले, "डॉक्टर, त्यांना ऐकू येत नाही."

"ते तर नाही म्हणून राहिले."

"त्यांना तुमचा प्रश्नच ऐकू आला नाही."

"मग उत्तर कसं दिलं?"

उत्तर कसं दिलं, ते बाबांनी मला नंतर बसमध्ये सांगितलं. मी त्यांच्याकडे तोंड करून बसले होते आणि अर्धी बस आमचं ऐकत होती. फौजेत मोठा साहेब पाहणीला आला की सगळ्यांना रांगेत उभं करायचे. साहेब रांगेवरून चालत विचारायचा, कोई तकलीफ, कोई शिकायत. सगळी रांग एका सुरात म्हणायची, नहीं साब. एखाद्याच्या पायाला फोड असेल, कोणाला आठ दिवस घरचं पत्र नसेल, कोणाच्या कानात शिट्टी वाजत असेल. नहीं साब.

"तुम्ही एकदाही काहीच सांगितलं नाही?" मी विचारलं.

"काहून सांगू? साहेब का मले बघाले आला होता? तो रांग बघाले आला होता."

मराठीत आपण दुखण्यालाही तक्रार म्हणतो आणि गाऱ्हाण्यालाही तक्रार म्हणतो. पोटाची तक्रार, शेजाऱ्याविरुद्ध तक्रार. ज्या माणसाला आयुष्यभर शिकवलं की तक्रार करू नये, त्याने दुखणंही गिळलं. आणि आता त्याच्या कागदावर 'तक्रार नाही' असं लिहिलेलं आहे म्हणून त्याला काही मिळू नये. सवय लावणारेही सरकारी आणि त्या सवयीवर बोट ठेवणारेही सरकारी. मी त्या दिवशी हे डॉक्टरांना असं बोलू शकले नाही. मी फक्त अडून बसले. शेवटी त्यांनी 'मुलीच्या सांगण्यावरून' असे शब्द घालून तपासणीची चिठ्ठी दिली. तपासणी योजनेच्या यादीतल्या एका खासगी इस्पितळात व्हायची होती.

ती तपासणी तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. माणसाच्या कानांवर जाड हेडफोन चढवतात. तपासणारी व्यक्ती यंत्राचं एकेक बटण दाबते, एका कानात बारीक आवाज येतो. आवाज आला की माणसाने बोट वर करायचं. आवाज कमी कमी करत नेतात आणि कुठवर ऐकू येतं याचा आलेख काढतात. तो आलेख ठरावीक रेषेच्या खाली गेला तर मशीन, नाहीतर नाही. यासाठी काचेची बंद खोली असते. त्या इस्पितळातल्या काचेच्या खोलीत फायलींची खोकी रचलेली होती. त्यामुळे बाबांची खुर्ची बाहेरच, टेबलासमोर ठेवली होती. टेबलापलीकडे तपासणाऱ्या बाई, मधे यंत्र.

बाई म्हणाल्या, "काका, आवाज आला की बोट वर करायचं. समजलं?"

बाबांनी मान हलवली. मला बाहेर बसायला सांगितलं.

वीस मिनिटांनी बाबा बाहेर आले ते खुशीत. बाई त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. "काकांचे कान वयाच्या मानाने छान आहेत," त्या मला म्हणाल्या. "एकदाही चुकले नाहीत."

मी कागद पाहिला. ऐकण्याची क्षमता सामान्य.

बाबांनी जिन्यावरून उतरताना मला विचारलं, "पास झालो ना?"

त्यांना ती परीक्षा वाटली होती. आणि ते आजवर एकाही परीक्षेत नापास झालेले नाहीत.

पुढच्या बुधवारी तो कागद घेऊन मी पुन्हा दवाखान्याच्या खिडकीवर उभी राहिले. खिडकीमागचा माणूसही फौजेतूनच आलेला, हे मला तोवर कळलं होतं. त्याने कागद वाचला आणि परत सरकवला.

"मुलगी म्हणते ऐकू येत नाही. यंत्र म्हणते येते. मी कोणाचं ऐकू?"

"त्यांना हाक मारून बघा ना. मी बाजूला होते."

"मॅडम, फौजेतला माणूस आहे, तुम्ही त्याला उगाच अपंग करून राहिल्या. माझेही कान जाऊन राहिले. मी मागितलं का काही?"

हे वाक्य तो ओरडूनच बोलला. तो सगळीच वाक्यं ओरडून बोलतो. तेव्हा मला तो उर्मट वाटला. तो ओरडतो का, याचा विचार मी फार उशिरा केला. त्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नसणार. आणि तोच माणूस ठरवत होता, की न मागणं ही पात्रता आणि मागणं ही लबाडी.

घरी आले आणि आईवर चिडले, बाबांवर चिडले, कागद फेकला. मला वाटलं, बाबांनी हट्टाने कसंतरी निभावून नेलं. आईने तो कागद उचलून चष्म्यातून वाचला. मग ती उठली, खाटेवर बसलेल्या बाबांच्या मागे गेली आणि त्यांच्या डाव्या कानाशी जोरात टाळी वाजवली. बाबा हलले नाहीत. उजव्या कानाशी वाजवली. उजव्या बाजूने हवा लागली म्हणून त्यांनी गाल खाजवला.

"आमच्या अंगणवाडीत दोन वर्षाच्या लेकराचे कान आम्ही मागून टाळी वाजवून पाहतो," आई म्हणाली. "समोरून वाजवली तर लेकरू हात पाहते ना. त्या बाईनं याईले समोर बसवलं होतं का?"

मी बाबांसमोर जाऊन बसले. "बाबा, बोट केव्हा वर करायचं होतं?"

"तिनं बटन दाबलं की."

"आवाज आला की, असं सांगितलं होतं."

"तिनं बटन दाबलं की मी बोट वर करून राहिलो. एकबी चुकलं नाही. तिलेच विचार."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी त्याआधी कधी विचारलंच नव्हतं. तोफेवर कोणी कानांवर भरवसा ठेवत नाही. बाजूच्या तोफेचा आवाज झाला की माणसाचा आवाज पोचतच नाही. कानात कापूस कोंबलेला असतो आणि तरी संध्याकाळपर्यंत डोक्यात शिट्टी वाजत राहते. म्हणून तोफेचा प्रमुख हात वर धरतो. सगळ्यांचे डोळे त्या हातावर. हात खाली आला की तोफ उडवायची दोरी ओढायची. ज्याची नजर हातावरून हलली तो कामाचा नाही. बाबांचं सतरा वर्षांचं काम दोरी ओढण्याचं होतं. समोरच्याच्या हाताची हालचाल सुरू होण्याआधी, खांदा हलतानाच त्यांना कळायचं, असं ते म्हणाले. बढाई मारून नाही. आपण सांगतो तसं, की मला सायकल येते.

ज्या कामाने त्यांचे कान घेतले त्याच कामाने शिकवलेल्या गुणामुळे ते कानांच्या तपासणीत पास झाले. त्यांनी कोणाला फसवलं नव्हतं. एका बाईने बटण दाबलं, एका तोपचीने हात पाहिला. खोलीत खोकी रचून ठेवणाऱ्यांनी, खुर्ची समोर मांडणाऱ्यांनी कधी विचार केला का, की इथे तपासायला येणारी माणसं आधी काय करत होती? तपासणी कोणाची आहे हेच ज्यांना माहीत नाही, त्यांच्या आलेखाला खरं मानायचं आणि घरच्यांना खोटं, हा कुठला नियम?

मी नियमच मागायला गेले. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, एकदा तपासणी झाली की वर्षभर दुसरी नाही. मी म्हणाले, दाखवा, कुठे लिहिलं आहे. त्याने काचेकडे बोट केलं. त्या चिकटवलेल्या कागदांपैकी एकावर असेल, म्हणाला. मी बाकावर चढून सगळे कागद वाचले. एक सुट्ट्यांचा होता, एक कार्ड नूतनीकरणाचा, एक डेंग्यूचा. बाकीच्यांची शाई उन्हाने उडाली होती.

"नाही लिहिलेलं," मी म्हणाले.

"मग अर्ज द्या."

"देते."

"पेशंटच्या सहीचा. तुमच्या नाही."

तो काय म्हणत होता ते मला त्या क्षणी कळलं नाही. रात्रीची वाट कशाला बघायची, मी त्याच दुपारी अर्ज लिहिला. मला मागणी लिहिता येते, मी त्यावरच वाढले आहे. लिहिलं, की मी माजी सैनिक, तोपखान्यात होतो, मला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, मागील तपासणीत मी आवाज ऐकून नव्हे तर तपासनीसाचा हात पाहून उत्तरं दिली, सबब ती तपासणी रद्द समजून नव्याने करावी. कागद बाबांसमोर ठेवला.

त्यांनी दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"हे मी नाही लिहून देत."

"काय खोटं आहे त्यात?"

"खोटं नाही. पण मी आजवर कोणाले असं लिहून दिलं नाही. कागदावर बहिरा म्हून सही करू का मी? माह्या हातानं?"

"बहिरा असं लिहिलेलं नाही."

"तसंच होते ते."

मी वाद घातला. हक्क, मागणी, भीक आणि हक्कातला फरक, सगळं बोलले. मोठ्याने बोलले. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर तोच कौतुकाचा भाव आला, लहानपणी पत्रक वाचताना यायचा तो. एवढी वर्षं मी त्यांना मागण्या वाचून दाखवत होते. दुसऱ्यांच्या मागण्यांवर त्यांनी मनापासून मान डोलवली होती. स्वतःची मागणी त्यांनी एकदाही केली नव्हती, आणि आम्हीही त्यांना ती विचारली नव्हती. त्या दुपारी मला सरकारचा जितका राग आला तितकाच आमच्या घराचाही आला.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने भाषण केलं नाही. ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"अवो, मी सत्रा वेळा धरण्यावर बसली. तुमीच डबा आणून देत होते तिथं. तवा मी का भीक मांगून राहिली होती?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"मंग तुमी करान तर भीक कशी होईन?"

बाबांनी अर्ज पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाले, "पेन दे वं." सही त्यांनी हुद्द्यासकट केली.

अर्ज पुढे सरकायला साडेचार महिने लागले. मी दर बुधवारी जात होते. त्या बाकावर इतर माणसं असायची. एकेकाला विचारायची, काका, कशासाठी? कोणी गुडघे सांगायचं, कोणी साखर. कान कोणीच सांगायचं नाही. पण प्रश्न मला दोनदा विचारावा लागायचा, आणि दुसऱ्यांदा विचारताना ते माझ्या ओठांकडे बघायचे.

दुसरी तपासणी त्याच इस्पितळात, त्याच बाईंकडे झाली. त्यांनी अर्ज वाचलेला होता. त्या माझ्याशी आधी तुटक बोलल्या, आपल्या कामावर कोणी बोट ठेवलं की बोलतो तसं. मी विनंती केली, की या वेळी मला आत बसू द्या आणि खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवा. त्यांनी खुर्ची फिरवली. बाबा बसले. समोर नुसती भिंत, पिवळा डिस्टेंपर.

बाईंनी बटण दाबलं. बाबांचं बोट गुडघ्यावरच राहिलं. त्यांनी आवाज वाढवला, पुन्हा दाबलं. काही नाही. आणखी वाढवला. बाबा ताठ बसले होते, मान किंचित पुढे, भिंतीवर कुठे हात दिसतो का ते शोधत असल्यासारखे. बाईंनी यंत्राचा काटा फिरवत फिरवत इतका वर नेला, की हेडफोनमधून गळणारा आवाज मला तीन हातांवरून ऐकू आला. तेव्हा कुठे बोट उठलं. अर्धवट, खात्री नसल्यासारखं.

उजव्या कानाचं झालं, डाव्याचं झालं. बाईंनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिले, यंत्र बंद तर नाही ना म्हणून. मग त्या खाली बसल्या.

"मग मागच्या वेळी मी तपासलं काय?"

"डोळे," मी म्हणाले. "ते छान आहेत. तुम्हीच सांगितलं होतं."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर आधीचा अहवाल चुकीचा असल्याचं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि सही केली. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे, कारण असं लिहून देणारी माणसं मला त्या सगळ्या महिन्यांत दुसरी भेटली नाहीत. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "या टायमाले?" मी म्हणाले, "नापास झालात, बाबा." ते कठडा धरून जिना उतरू लागले.

मशीन मंजूर झालं. एका कानाचं.

दोन्ही कानांचा आलेख सारखाच खाली गेलेला आहे, दोन्हींची शिफारस आहे, पण मंजुरी उजव्याची आली. डाव्याचं काय, असं विचारलं तर खिडकीतून उत्तर आलं, पहिलं वापरून बघा, फायदा दिसला तर दुसऱ्यासाठी अर्ज करा. चष्मा देताना आईला कोणी एका डोळ्याचं भिंग दिलं नव्हतं.

बाबा आता मशीन लावतात. आईने हळू बोललेलं त्यांना कळतं, आणि त्यातलं बरंच कळलं नसतं तर बरं झालं असतं असं ते म्हणतात. पण एका कानाने आवाज आला हे कळतं, कुठून आला हे कळत नाही. मागच्या पंधरवड्यात मी त्यांना घेऊन पायीच रस्त्यापर्यंत गेले. डावीकडून ट्रक आला, हॉर्न वाजला. बाबांनी ऐकला. ऐकला म्हणून त्यांचा चेहरा उजळला, आणि ते उजवीकडे वळून पाहू लागले. मी त्यांचा हात धरून मागे ओढलं. घरी येऊन मी आईला हे सांगितलं. किल्ली अजून तिच्या पिशवीत आहे. डाव्या कानाचा अर्ज खिडकीवर आहे. त्यावरची सही या वेळी बाबांनी न सांगता केली.

आता तुमच्याकडे मागणी. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात फौजेतून किंवा पोलिसातून निवृत्त झालेलं कोणी असेल, तर येत्या आठवड्यात त्यांच्या मागे उभं राहून साध्या आवाजात काहीतरी विचारा. उत्तर आलं नाही तर त्यांना एकट्याला पाठवू नका, स्वतः घेऊन जा. डॉक्टरने तकलीफ विचारली की त्यांच्याआधी तुम्ही बोला आणि 'तक्रार नाही' हे शब्द कागदावर पडू देऊ नका. तपासणीच्या खोलीत गेल्यावर, बाईंनी काहीही म्हटलं तरी, खुर्ची उचला आणि भिंतीकडे फिरवा. आणि कागदावर दोन्ही कान लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नका.